मदत हवी आहे: १४ मुली आहेत, पण संघ होत नाहीये

परवाच्या सामन्यात एक साधी सर्व्हिस आमच्या दोन मुलींच्या मधोमध पडली. जोरात नव्हती, वळलेलीही नव्हती. कुणीही एक पाऊल टाकलं असतं तर उचलली गेली असती. दोघी जागच्या हलल्या नाहीत, आणि चेंडू पडल्यावर मात्र दोघींच्या तोंडून एकदमच आलं, "तुझा होता ना!"

मी १२ ते १५ वयाच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. खेळ त्यांना येतो. अडचण आहे ती एकमेकींशी वागण्याची. आमच्या दोन चांगल्या स्मॅशर आहेत. नवख्या मुलीचा पास चुकला की त्यातली एक कमरेवर हात ठेवून वर छताकडे बघते. बोलत काही नाही, पण ते बघणं सगळ्यांना कळतं. ही नवखी मुलगी सुरुवातीला "माझा!" म्हणून मोठ्याने ओरडायची. आता ती ओरडतच नाही. सरावाला मात्र सगळ्यांच्या आधी येते, म्हणून जास्त जीव तुटतो.

व्हॉलीबॉलमध्ये हे झाकून राहत नाही. चेंडू धरता येत नाही, एकीला लागोपाठ दोनदा खेळता येत नाही, तीन स्पर्शांत पलीकडे पाठवायचा असतो. म्हणजे पुढचीवर विश्वास नसेल तर खेळच थांबतो. रोटेशनमुळे सगळ्यांच्या जागा फिरत राहतात, म्हणून कच्च्या मुलीला एका कोपऱ्यात उभं करून निभावताही येत नाही.

मी समजावून सांगितलं, रागावले, दहा नियमांचा तक्ता करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन आठवड्यांत त्याकडे कुणी बघेनासं झालं. त्यात काही पालक बाहेरून ओरडतात, "तिला कशाला दिलास!"

आणखी एक सांगायला हवं, ते लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही. सराव बुडवला तर पहिल्या सहांत जागा नाही, हा आमचा नियम. उपांत्य सामन्याआधी त्या स्मॅशरने चारपैकी तीन सराव बुडवले, तरी मी तिला पहिल्यापासून खेळवलं. कुणीच काही बोललं नाही. पण राखीव मुलींपैकी एकीने बसल्या बसल्या गुडघ्यांचे पॅड काढून बॅगेत ठेवले. पहिला सेट अजून संपायचा होता.

आता हे सावरू कसं? त्या मुलीला दुखवायचं नाही, गमवायचंही नाही.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही स्वतःच मुद्द्यावर आला आहात. त्या पॅडवाल्या मुलीने तुमचा तक्ता वाचला होता, नियम खरा आहे का एवढंच तिला बघायचं होतं. पुढच्या सरावाला सगळ्यांना गोल बसवा आणि "त्या दिवशी मी नियम मोडला, माझं चुकलं" एवढंच म्हणा. कारणं देऊ नका. त्या स्मॅशरचं नाव काढू नका.

तिच्याशी आधी एकटीने बोला. सराव का बुडतोय हे विचारा. या वयात अभ्यास, घरचं काही, दुखापत, कंटाळा, काहीही असू शकतं. कारण खरं असेल तर मार्ग काढा, पण पुढे सराव बुडला तर बाकावरून सुरुवात, तिलाही आणि बाकीच्यांनाही.

दहा नियम फार झाले. तीन पुरे, आणि ते मुलींच्या तोंडून येऊ द्या. मधला चेंडू कुणाचा, हेही आधी ठरवून टाका. अर्धी भांडणं ठरलेलं नसल्यामुळेच होतात. सरावात आवाज न देता उचललेल्या चेंडूला गुण देऊ नका. आवाज दिला आणि चेंडू सुटला, तर आवाज दिल्याबद्दल शाबासकी द्या, तीही सगळ्यांसमोर. तुमची नवखी मुलगी याने परत बोलू लागेल, मी हे होताना पाहिलं आहे.

आणि एक विचारतो. तुमच्याकडे जाळं कोण बांधतं, चेंडू कोण गोळा करतं? राखीव मुली करत असतील तर आधी ते बदला. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात जपानचा संघ बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे असूनही ३-२ ने हरला. एवढं झाल्यावरही त्यांची ड्रेसिंग रूम झाडून-पुसून लख्ख होती आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवलेली होती. अशी सवय मोठ्या खेळाडूंनी आधी हात घातला तरच लागते.

प्रतिसाद २

वरच्या शाबासकीच्या मुद्द्याला जोडून. स्मिथ आणि स्मॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना एक छोटं प्रशिक्षण दिलं होतं: प्रयत्नाचं कौतुक करा, चुकीनंतर आधी धीर द्या, मग दुरुस्ती सांगा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली, इतरांकडची २६ टक्के. जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. मुलं टिकली ती वागणुकीमुळे.

प्रतिसाद ३

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी दोन वर्षं राखीव होती आणि मीही बाहेरून ओरडायचे. आमच्या प्रशिक्षकांनी हंगामाआधी पालकांना बोलावून सांगितलं, "सूचना मी देईन, तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. आणि घरी जाताना सामन्याचा विषय मुलीने काढला तरच बोला." पहिल्यांदा राग आला होता. पण मी गप्प बसू लागल्यावर परतीच्या वाटेवर मुलगी आपणहून बोलायला लागली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलींसमोर चूक कबूल केली. आवाज कापत होता माझा. कुणी काही म्हणालं नाही, पण पॅड काढणाऱ्या मुलीने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

स्मॅशरशी बोलले. खांदा दुखत होता, सांगितलं तर जागा जाईल म्हणून तिने लपवलं होतं. ती आधी डॉक्टरांना दाखवणार, खांदा बरा होईपर्यंत स्मॅश बंद. आज ती दहा मिनिटं उशिरा आली आणि न सांगता जाळ्याची दोरी ओढायला उभी राहिली. दुसऱ्या टोकाला नवखी होती. दोघी बोलल्या नाहीत.

पालकांची बैठक रविवारी ठेवली आहे. कर्णधाराचं मात्र अजून सुचत नाही: मुलींना निवडू द्यावं, की मीच नेमावी? कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर कृपया लिहा.