घरालगतच्या खोलीत सापाची कात सापडली आहे, काय काळजी घ्यावी?

गुलबक्षी

सर्वांना नमस्कार. आमच्या घराला लागून मागच्या बाजूला सामानाची एक खोली आहे. तिथे जळाऊ लाकडे, बांधकामातून उरलेल्या विटा आणि धान्याच्या गोण्या असतात. चार दिवसांपूर्वी विटा हलवताना त्यांच्या फटीत सापाची कात सापडली. ती सुमारे तीन फूट लांब आहे आणि हाताला अजून मऊ लागते, त्यामुळे फार जुनी नसावी. त्या खोलीचे दार आमच्या झोपण्याच्या खोलीत उघडते आणि दोन्ही मुले उकाड्यामुळे जमिनीवरच अंथरूण घालून झोपतात, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

शेजारचे सांगतात की घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडावे, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकाव्यात आणि गंधकाची पूड पसरावी. याचा खरोखर उपयोग होतो का? ही कात विषारी सापाची आहे की बिनविषारी, हे ओळखता येईल का? आणि दुर्दैवाने कोणाला दंश झालाच, तर पहिल्या काही मिनिटांत नेमके काय करावे? ज्यांना या विषयाची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वारूळ

गेली बारा वर्षे मी लोकांच्या घरांत शिरलेले साप पकडून सुरक्षित जागी सोडण्याचे काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

कार्बोलिक ॲसिड, डांबराच्या गोळ्या आणि गंधक यांपैकी कशावरही विसंबू नका. डांबराच्या गोळ्यांवरून साप सरळ निघून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उलट कार्बोलिक ॲसिडने कातडी भाजते आणि ते कातडीतून शरीरात शोषले जाते, तर डांबराची गोळी लहान मुलाने तोंडात घातली तर विषबाधा होते. ज्या घरात मुले रांगतात किंवा जमिनीवर खेळतात, तिथे हे पदार्थ पसरणे म्हणजे नसलेल्या संरक्षणासाठी खरा धोका घरात आणणे आहे. त्याहून मोठे नुकसान असे, की एकदा पूड टाकली म्हणजे माणूस निर्धास्त होतो आणि करायची कामे करायची राहून जातात.

साप घरात येतो तो भक्ष्यासाठी, आडोशासाठी किंवा पावसाने त्याचे बीळ भरले म्हणून. तुमच्या खोलीत या तिन्ही गोष्टींची सोय आहे. गोण्यांमधल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे नाग, घोणस आणि धामण येतात, पाली आणि बेडूक यांच्यामागे लहान साप येतात, आणि या लहान सापांना खाण्यासाठी मण्यार येते. म्हणून पहिले काम धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात हलवण्याचे आणि दुसरे विटा व लाकडे त्या खोलीतून काढण्याचे. ती घरापासून दूर, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर ठेवावीत. हे काम दिवसाउजेडी, पायांत बूट घालून आणि लांब काठीने एकेक वस्तू हलवून करावे. विटांच्या फटीत बोटे घालून वीट उचलू नये. चार दिवसांपूर्वी तुम्ही ते काम कसे केले, हे वाचून मला काळजी वाटली.

त्यानंतर दाराखालची फट बंद करा. करंगळी जाईल एवढी जागा सापाच्या पिल्लाला पुरते, त्यामुळे दाराला खालून रबराची पट्टी लावावी आणि मोरीच्या व सांडपाण्याच्या पाइपाला बारीक जाळी बसवावी. भिंतीला टेकलेल्या वेली आणि खिडकीपर्यंत पोहोचलेल्या फांद्या छाटाव्यात.

कातीबद्दल आणखी माहिती हवी. ती नीट पसरून दोन गोष्टी पाहाल का? पाठीच्या मधोमध, डोक्याकडून शेपटीकडे जाणारी खवल्यांची जी एक ओळ असते, तिचे खवले बाजूच्या खवल्यांएवढेच आहेत की मोठे आणि षटकोनी आहेत? आणि शेपटीच्या खालच्या बाजूचे आडवे खवले अखंड आहेत की मधोमध दुभागलेले? कातीवर रंग जवळजवळ उतरत नाही, म्हणून पट्ट्यांवरून ती ओळखता येत नाही. खवल्यांची रचना मात्र जशीच्या तशी उमटते. शिवाय कात काढताना ताणली जाते, त्यामुळे साप प्रत्यक्षात तीन फुटांपेक्षा थोडा आखूडच असेल.

गुलबक्षी

आत्ताच भिंगाखाली पाहिले. पाठीच्या मधल्या ओळीतले खवले नक्कीच मोठे आहेत आणि त्यांना सहा कोन दिसतात. शेपटीखालचे खवले अखंड, एकेरी आहेत. दुभागलेला एकही दिसला नाही. खवले गुळगुळीत आहेत, मधे उंचवटा नाही.

वारूळ

मग ही कात मण्यारीची आहे असे धरूनच पुढची पावले उचला. पाठीवर मोठे षटकोनी खवले मांजऱ्यासारख्या इतर काही सापांनाही असतात, परंतु त्यांचे शेपटीखालचे खवले जोडीने असतात. मण्यारीसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्याच्या पाठीवर अशी मोठी ओळ नसते. घोणशीच्या खवल्यांवर मधोमध उंच रेघ असते, त्यामुळे तीही नाही.

जिवंत साप मात्र असा जवळ जाऊन ओळखण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात आणि मण्यारीचे जोडीजोडीचे पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात, असे आम्ही शिकवतो. पण अंधुक उजेडात, घाबरलेल्या माणसाला हा फरक कळत नाही. पिल्लांमध्ये तर तो आणखी फसवा असतो.

मण्यारीबद्दल समजून घ्यायची मुख्य गोष्ट तिची वेळ आहे. नाग फणा काढून ताकीद देतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, फुरसे अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर करते. मण्यार यांपैकी काहीच करत नाही. दिवसा ती सुस्त, वेटोळ्यात डोके लपवून पडलेली असते आणि रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि झोपेत कूस बदलताना तिच्यावर हात पडला की चावते. म्हणून खोली साफ करायला दोन दिवस लागले तरी हरकत नाही, पण मुलांना आज रात्रीपासून खाटेवर झोपवा. खाट भिंतीपासून वीतभर दूर असावी, चादर जमिनीला टेकू नये आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी घट्ट खोचलेल्या असाव्यात. मच्छरदाणीचा सापापासून बचावासाठी उपयोग होतो, हे आग्नेय नेपाळमधल्या पाहणीत दिसून आले होते आणि ते निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. घराघरांत इतक्या सहज उपलब्ध असलेला दुसरा उपाय मला माहीत नाही.

माळरान

वरच्या प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद कृपया कोणीही वाचून सोडून देऊ नये, एवढ्यासाठी स्वतःचा अनुभव लिहितो.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा असताना जमिनीवर झोपला होता. पहाटे चारच्या सुमारास पोटात दुखते म्हणून तो उठला. दंशाची खूण दिसली नाही, सूज नव्हती, हातपाय दुखत नव्हते. आम्हाला अपचन वाटले. जवळच्या दवाखान्यातही पोटदुखीचेच औषध मिळाले आणि घरी पाठवले गेले. सकाळी सातच्या सुमारास त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तो दुहेरी दिसते म्हणाला, थुंकी गिळता येईना. तेव्हा आईने अंथरूण झटकले आणि उशीखालून मण्यार निघाली. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचा श्वास मंदावला होता. सहा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तो वाचला. मात्र पहाटे चार ते सकाळी सात हे तीन तास आम्ही कसे घालवले, हे आठवले की आजही मला झोप लागत नाही.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी, उलटी, घशात अडकल्यासारखे वाटणे किंवा पापण्या जड होणे यांपैकी काहीही झाले, तर दंशाची खूण शोधत बसू नका. सर्पदंश असू शकतो असे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा.

शुश्रूषा

मी तातडीच्या विभागात काम करणारी डॉक्टर आहे. माळरान यांनी लिहिलेली लक्षणे मण्यारीच्या दंशात नेहमी पाहायला मिळतात. तिचे दात इतके बारीक असतात की खूण अनेकदा दिसतच नाही.

उशीर का महागात पडतो, हे थोडे स्पष्ट करते, कारण कारण समजले की माणूस घाई करतो. मण्यारीच्या विषातला एक घटक मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन तेथील रचनाच बिघडवतो. प्रतिविष रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाला बांधून ठेवते. जे टोक आधीच बिघडले, ते दुरुस्त करणे त्याच्या हातात नसते. ते टोक शरीराला नव्याने घडवावे लागते आणि त्यासाठी कित्येक दिवस लागतात. तोपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणून प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय, दोन्ही असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री तिथे कसे पोहोचायचे, हे आजच विचारून ठेवा. दंश झाल्यावर ही चौकशी करायला वेळ नसतो. घोणशीचे विष वेगळ्या प्रकारे काम करते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तिथेही दवडलेला प्रत्येक तास रुग्णाला भोवतो.

पहिल्या काही मिनिटांत करायच्या गोष्टी थोड्या आहेत. सापापासून दूर व्हावे. रुग्णाला आडवे करून चालू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढावे, कारण नंतर सूज आली की ते रुततात. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला देतात तसा फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, पट्टी सैलसर असावी. रुग्णाला उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. दंशाची वेळ आणि लक्षणे कोणत्या क्रमाने दिसली, ते कागदावर लिहून घ्यावे. वाहन मिळाले की निघावे.

दोरीने करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, मंत्र किंवा जडीबुटीसाठी थांबणे, हे सर्व टाळावे. आवळून बांधलेल्या दोरीमुळे हातपाय सडल्याचे मी पाहिले आहे, आणि ती रुग्णालयात एकदम सोडली की साठलेले विष एकाच वेळी शरीरात जाऊन रुग्ण कोसळू शकतो. आधीच दोरी बांधलेली असेल, तर ती वाटेत न सोडता डॉक्टरांसमोरच सोडावी.

साप पकडून आणण्याचीही गरज नाही. भारतात दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रच चालते, आणि उपचार लक्षणांवरून ठरतो. मारलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा बराच वेळ चावू शकते. दुरून छायाचित्र सहज मिळाले तर ठीक, नाहीतर निघावे.

एक प्रश्न पालक नेहमी विचारतात, म्हणून सांगते: मुलांना प्रतिविषाची मात्रा मोठ्यांएवढीच दिली जाते. साप चावताना मूल पाहून विष कमी सोडत नाही, आणि मात्रा विषाच्या प्रमाणात द्यायची असते, वजनाच्या नाही. तेवढ्या बाटल्या पाहून कृपया डॉक्टरांना अडवू नका.

गुलबक्षी

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. माळरान, आपल्या भावाचे वाचून डोळ्यांत पाणी आले. मुलांना आजपासून खाटेवर झोपवते. रुग्णालयाची चौकशी दुपारीच केली. सर्वांत जवळच्या ठिकाणी प्रतिविष आहे पण व्हेंटिलेटर नाही, आणि दोन्ही असलेले ठिकाण चाळीस मिनिटांवर आहे. अशा वेळी आधी कुठे जावे? आणि रात्री मुलांना बाहेरच्या शौचालयात जावे लागते, त्याचे काय करावे?

शुश्रूषा

रुग्ण शुद्धीवर असेल आणि श्वास व्यवस्थित चालू असेल, तरीही आधी जवळच्या ठिकाणीच जा. लक्षणे असतील तर तिथे प्रतिविष सुरू होईल आणि पुढच्या प्रवासात श्वासाला आधार देऊ शकणारी रुग्णवाहिका व सोबत कर्मचारी मिळतील. निघतानाच त्यांना फोन करून कळवावे, म्हणजे पुढची व्यवस्था तुम्ही पोहोचेपर्यंत सुरू झालेली असेल. लक्षणे नसली तरी किमान २४ तास रुग्णालयात निरीक्षणाखाली राहावे. मण्यारीच्या दंशात पहिले काही तास काहीच जाणवत नाही, असेही घडते.

वारूळ

शौचालयाच्या वाटेवर दिवा लावला तरी हातात टॉर्च हवाच, कारण दिव्याखाली किडे जमतात, किड्यांसाठी बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप. दिवा दारावर न लावता दारापासून थोडा दूर, वाटेवर उजेड पडेल असा लावावा. पावले दमदार टाकावीत, कारण जमिनीचा हादरा सापाला कळतो आणि बहुतेक वेळा तो बाजूला होतो. मण्यार आणि घोणस मात्र जागच्या जागी पडून राहतात, म्हणून पाय टाकण्याआधी तिथे उजेड पाडावा. पायांत बंद बूट असावेत आणि ते घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. मुलांसाठी रात्रीपुरते भांडे खोलीतच ठेवता आले, तर विटा हलवून होईपर्यंत तसेच करा.

विटा हलवताना साप दिसला तर काठी उगारू नका आणि त्याला कोंडूही नका. मुलांना बाहेर काढा, एका मोठ्या माणसाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनविभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. नजर ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण आम्ही पोहोचेपर्यंत साप कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नसले, तर सगळी खोली उपसावी लागते.