‘डिफ’ला मराठीत काय म्हणावं?

फोंडा : चवथीसाठी आरत्यांची पुस्तिका करतोय. दोघांनी दोन संगणकांवर तोच मजकूर टाईप केला आणि टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ‘डिफ’ हा फायली ताडणारा प्रोग्राम लावून त्या ताडल्या. मंडळातल्या पोरांसाठी टिपण लिहिताना ‘फायलींची तुलना करा’ इथेच अडलोय. पटत नाही.

डिचोली : नकोच. तुलना म्हटली की डावं-उजवं आलं. डिफ कुणाचा पाठ बरा ते सांगत नाही. दोन्हीकडे त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी जुळवून बाजूला काढतो आणि उरलेलं दाखवतो. १९७४ साली युनिक्स या संगणकप्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत आला तेव्हापासून धंदा हाच. म्हणून ‘फरक काढणे’. फायली तंतोतंत सारख्या असल्या तर तोंडातून चकार शब्द नाही.

म्हापसा : तफावत?

डिचोली : ती गल्ल्यात. आरतीत कशाला?

मडगाव : अहो, ‘रुजुवात’ विसरलात? नक्कल अस्सलाशी ताडून पाहणे. आमचे आजोबा देवस्थानच्या वह्या लिहायचे, रुजुवात झाल्याशिवाय पान उलटत नसत.

फोंडा : शब्द झकास, पण त्यात एक अस्सल लागतं. इथे दोन्ही नकलाच! ‘डिफ -यू’ने पहिल्या फाईलमधल्या ओळीला उणे नि दुसरीतल्या ओळीला अधिक लावलं, फायलींची जागा बदलली तर चिन्हंही उलटली. अस्सल कुठलं, हे त्याला काय ठाऊक?

बरं, एक ओळ तर डोळ्यांना हुबेहूब सारखी, ‘तिसऱ्या कडव्यानंतर घुमट’ (वाद्य, देवळाचा नव्हे), तरी तो फरक दाखवतोय.

डिचोली : तुमचा ‘ऱ’ बघा. एकाने युनिकोड या अक्षरसंकेतातलं सबंध अक्षर वापरलं असेल, दुसऱ्याने साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. पडद्यावर एकच, पण फाईलमध्ये साठवलेले बाइट, म्हणजे आकडे, वेगळे.

म्हापसा : म्हणजे वर्णभेद!

डिचोली : हा शब्द टिपणात घालू नका हां, पोरं भलतंच समजतील.

फोंडा : तसंच निघालं. मग टिपणात असं लिहितो : ‘आधी डिफने फरक काढा, एक फाईल पक्की करा, मग तिची जुन्या वहीशी रुजुवात करा.’

मडगाव : चालेल. वही कुणाकडे आहे?

फोंडा : तेच शोधतोय.