तपासणी अहवालातील कोणते दोष खरोखर गंभीर मानावेत?

पायरीवरून :

नमस्कार. आम्ही उभयता सुमारे 25 वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्यावरचे एक घर विकत घेण्याच्या विचारात आहोत. व्यवहाराची बोलणी पुढे नेण्यापूर्वी एका तपासनिसांकडून घराची पाहणी करून घेतली. त्यांनी मेहनतीने तयार केलेला 54 पानांचा अहवाल हाती आला आहे, परंतु तो वाचल्यापासून आमचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच आहे. खिडकीच्या बिजागरीला लागलेला गंज आणि स्वयंपाकघराच्या छतावरील तपकिरी डाग या दोन्हींपुढे 'लक्ष देणे आवश्यक' हा एकच शेरा आहे. बैठकीच्या खोलीत दोन भेगा नोंदवल्या आहेत, त्यांपैकी एक उभी आणि एक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली आहे. याच खोलीची एकच भिंत नुकतीच रंगवलेली दिसते. बाकीच्या तीन भिंतींचा रंग जुना आहे. विक्रेत्यांनी आणखी एकदा, दोन तासांसाठी, घर पाहू देण्याचे मान्य केले आहे. एवढ्या वेळात नेमके काय पाहावे आणि दुसरा तपासनीस नेमणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा :

बांधकामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. अहवालातील नोंदी मोजत बसू नका. प्रत्येक नोंदीपुढे स्वतःच्या हाताने एकच प्रश्न लिहा : हा दोष थांबलेला आहे की अजून चालू आहे? दहा वर्षांपूर्वी पडून जागीच राहिलेली भेग डोळ्यांना खुपते, पण ती पुट्टीने भरता येते. उलट, केसाएवढीच असली तरी दर महिन्याला सरकणारी भेग भरून काहीच साधत नाही.

तुमच्या दोन भेगांपैकी उभी भेग कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथेच असेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही. काँक्रीट आणि वीट उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि त्या सांध्यावर जाळी न लावता गिलावा केला असेल तर तो तिथे फाटतोच. तिरक्या भेगेकडे मात्र नीट पाहा. ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती आहे का, भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच रेषेत दिसते का आणि त्या खिडकीची किंवा जवळच्या दाराची झडप चौकटीत अडकते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर इमारतीचा काही भाग असमान खचल्याची किंवा आधार वाकल्याची शंका घ्यावी लागते. रुंदी 5 मिलिमीटरच्या पुढे असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. भेगेच्या आत विजेरीचा प्रकाश टाका. आत धूळ किंवा जुना रंग साचलेला असेल तर ती जुनी आहे. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर ती अलीकडची आहे, किंवा जुनीच असून पुन्हा उघडली आहे.

फरशीवर गोटी ठेवून ती घरंगळते का, हे पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण फरशी बसवतानाच उतार चुकलेला असू शकतो. त्याऐवजी पारदर्शक नळीत पाणी भरून एकाच भिंतीवरील खिडक्यांच्या तळकडा एका पातळीत आहेत का, हे ताडून पाहा.

आता त्या तपकिरी डागाविषयी. माझ्या मते तुमच्या अहवालातील सर्वांत गंभीर नोंद तीच असण्याची शक्यता आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा) 12 ते 13 च्या आसपास असतो आणि त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की सामू 9 च्या खाली येतो, तो थर नाहीसा होतो आणि ओल मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापत असल्यामुळे सळईखालचे काँक्रीट आतून ढकलले जाते आणि त्याचे पोपडे सुटतात. म्हणून तो डाग नुसता पसरट आहे की एका सरळ रेषेत आहे आणि त्या रेषेलगत बारीक भेग धावते का, हे तपासा. रेषा सळईच्या दिशेने जात असेल तर तो केवळ गळतीचा डाग नाही. लाकडी दांडक्याने छतावर हलकेच ठोका; बद्द, पोकळ आवाज आला तर आतला थर सुटलेला आहे असे समजा.

घर वरच्या मजल्यावर असल्याने दोन तासांपैकी निदान अर्धा तास गच्चीवर घालवा. पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाचे तोंड, कठड्याचा तळाशी असलेला सांधा आणि पाणी साचून वाळल्यावर उरलेली मातीची वर्तुळे पाहा. त्या वर्तुळांवरून उतार कुठे चुकला आहे, ते कळते.

जुनीचावी :

रंगवलेल्या एकाच भिंतीबद्दल वाचून माझा स्वतःचा अनुभव आठवला. आम्ही घर घेतले तेव्हा एक भिंत अशीच ताजी रंगवलेली होती आणि तिला लागून एक मोठे कपाट उभे होते. 'मुलांनी भिंत खराब केली होती' हे उत्तर आम्हाला इतके स्वाभाविक वाटले की आम्ही कपाट सरकवून पाहिले नाही. राहायला गेल्यावर काही महिन्यांतच रंगाला फुगवटे आले आणि त्यांच्याखाली पांढरे क्षार फुटलेले दिसले. भिंतीपलीकडे न्हाणीघर होते आणि तिथल्या नळजोडणीतून पाणी झिरपत होते.

तेव्हा कपाट सरकवायला सांगण्याचा संकोच बाळगू नका आणि त्या भिंतीमागे काय आहे ते आधी पाहा. न्हाणीघर असेल तर पोहोचताच पहिल्या दहा मिनिटांत तिथला शॉवर सुरू करा, पाणी भिंतीवर आणि जमिनीवर पडू द्या, आणि निघण्यापूर्वी अलीकडची भिंत तळहाताने चाचपून पाहा. आणखी एक सुचवते : खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भेटा. तुमच्या न्हाणीघराची गळती तुमच्या नव्हे, त्यांच्या छतावर उमटते, आणि ती लपवण्याचे त्यांना काही कारण नसते.

खुंटी :

दुसऱ्या तपासनिसावर खर्च करण्यापूर्वी पहिल्यांच्या अहवालातील 'पाहता आले नाही' या मथळ्याखालील भाग वाचा. तपासणी ही दिसणाऱ्या आणि हात पोहोचणाऱ्या भागांची असते. तपासनीस भिंत फोडत नाहीत, फरशी उखडत नाहीत आणि कुलूपबंद खोली उघडत नाहीत. त्यामुळे दोषांच्या यादीइतकीच न पाहिलेल्या जागांची यादीही महत्त्वाची असते, आणि तुमचे दोन तास मुख्यतः तिच्यावरच खर्च व्हावेत. ती यादी अहवालात मुळीच नसेल तर मला तो अहवाल अपुरा वाटेल, मग पाने कितीही असोत.

दुसरी गोष्ट, हे तपासनीस तुम्हाला कोणी सुचवले? विक्रेत्यांनी किंवा मध्यस्थांनी सुचवले असेल, अथवा दुरुस्तीचे कामही तेच करणार असतील, तर दुसरे मत अवश्य घ्या. तसे नसेल तर त्यांनाच दूरध्वनी करून विचारा की हे घर ते स्वतः घेत असते तर कोणत्या तीन नोंदींमुळे थांबले असते. लेखी अहवालात सावधपणे लिहिणारी माणसे बोलताना बरीच मोकळी होतात.

ओलावा मोजणाऱ्या उपकरणाचे आकडे अहवालात असतील तर तेही जपून वाचा. दोन टाचण्यांचे उपकरण प्रत्यक्षात विद्युतवहन मोजते, आणि भिंतीत क्षार असतील तर ते ओल नसतानाही मोठा आकडा दाखवते. उष्णताचित्र घेणारा कॅमेरासुद्धा ओल नव्हे, तापमानातील फरक दाखवतो.

दिवाबत्ती :

विजेविषयी थोडक्यात लिहितो. वीज ठरलेला मार्ग सोडून गळू लागताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण विजेच्या पेटीत आहे का आणि त्यावर 30 मिलिअँपिअर असे लिहिले आहे का, ते पाहा. विक्रेत्यांची परवानगी घेऊन त्यावरील चाचणीचे बटण दाबा. पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. मात्र त्यावरून अर्थिंग ठीक आहे असा निष्कर्ष काढू नका, कारण ते बटण अर्थिंग नसतानाही काम करते. अर्थिंगची तपासणी उपकरण असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावी लागते.

पायरीवरून :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल जाऊन आलो. तिरकी भेग फक्त गिलाव्यातच आहे. ती बाहेरच्या बाजूने दिसत नाही, तिच्यात जुना रंग आहे आणि खिडकीही व्यवस्थित लागते. रंगवलेल्या भिंतीमागे न्हाणीघर नसून जिना आहे, आणि ती भिंत हाताला कोरडीच लागली. तिथले वातानुकूलन यंत्र काढल्यावर भोके बुजवली होती, म्हणून तेवढीच भिंत रंगवली होती. स्वयंपाकघराच्या छतावर मात्र ठोकल्यावर सुमारे दोन हात लांबीच्या पट्ट्यात पोकळ आवाज आला, आणि त्याच्या बरोबर वर गच्चीवरील पाइपाचे तोंड पालापाचोळ्याने बुजलेले आढळले. 'पाहता आले नाही' या यादीत गच्चीच होती, कारण तपासणीच्या दिवशी तिची किल्ली मिळाली नव्हती. विक्रेत्यांनी दोष मान्य केला असून ताबा देण्यापूर्वी स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याची तयारी दाखवली आहे. हे स्वीकारावे का?

ओळंबा :

शक्य असल्यास स्वीकारू नका. किंमत कमी करून घ्या आणि दुरुस्ती स्वतःच्या देखरेखीखाली करा, कारण घर सोडून जाणाऱ्या माणसाला ताबा देईपर्यंत छत चांगले दिसले तरी पुरेसे असते. शिवाय गच्ची सामायिक असेल तर वरचे काम कोणी करायचे, हे इमारतीच्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

त्यांनीच दुरुस्ती करायची ठरली तर क्रम करारात लिहून घ्या. आधी गच्चीवरील पाइप मोकळा करणे, उतार दुरुस्त करणे आणि जलरोधन करणे, नंतर गच्चीवर पाणी साठवून खाली ओल येत नाही याची खात्री करणे, आणि त्यानंतरच छताला हात लावणे. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, गंज घासून सळई उघडी केल्यावर काम थांबवावे आणि तुमच्या अभियंत्याने ती पाहून सळई किती झिजली आहे हे नोंदवावे, असे एक कलम त्यात असू द्या. त्या टप्प्यावर स्वतः उपस्थित राहा आणि छायाचित्रे काढा. गिलावा चढल्यानंतर आत काय केले ते कोणालाही सांगता येत नाही.