गुडविल ‘इम्पेअर’ झालं, हे मराठीत कसं सांगायचं?

अमळनेर : आमच्या गावात विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या सांभाळणारी घरं आहेत, त्यामुळे वार्षिक अहवाल चाळणारे म्हातारेही आहेत. २०२१ मध्ये कंपनीनं कॅपको ही सल्लागार कंपनी सुमारे १४५ कोटी डॉलरला घेतली, तेव्हापासून ‘गुडविल’ची, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर जास्त मोजलेल्या रकमेची, चौकशी वाढली. त्यासाठी बारावीच्या पुस्तकातला ‘ख्याती’ चालतो. अडतं ते ‘इम्पेअरमेंट’पाशी. ‘घसारा’ म्हणू का?

धुळे : घसारा नको. तो दरवर्षी ठरल्याप्रमाणे पडतो. इंड एएस (नवी भारतीय लेखा मानकं) लागू असलेल्या कंपन्यांत ख्यातीवर घसारा नसतोच. वर्षातून निदान एकदा तपासायचं आणि तेवढी किंमत सुटणार नसेल तरच कमी करायची. (एएस १४ या जुन्या लेखा मानकात विलीनीकरणातून आलेली ख्याती सहसा ५ वर्षांत खर्ची पडते, गोंधळाचं मूळ तिथं आहे.) आयकरात तर २०२१ च्या वित्त कायद्यानं ख्यातीवरचा घसारा बंदच केला. ‘मूल्यऱ्हास’ म्हटलं तरी हळूहळू झिजल्यासारखं वाटतं. मी ‘क्षती’ लिहितो.

दाणाबाजार, जळगाव : क्षती कोण बोलतं हो? आपल्याकडे ‘बट्टा’ आहे की! नावाला बट्टा लागतो आणि बुडालेली रक्कमही बट्टेखाती जाते. आणखी एक सांगा, ‘त्यानं बजारमा नाव शे’ असं आमच्या पेढीबद्दल सगळे म्हणतात, मग ते नाव ताळेबंदात का धरत नाहीत?

धुळे : शेठ, ते तुम्ही कमावलंय, विकत घेतलेलं नाही. स्वतः निर्माण केलेली ख्याती पुस्तकात येत नाही. समजा, उद्या कुणी तुमची डाळमिल १० कोटींना घेतली आणि देणी वजा जाता मालमत्तेची रास्त किंमत ७ कोटी भरली, तर वरचे ३ कोटी त्याच्या पुस्तकात ख्याती म्हणून येतील. पुढे ख्यातीसकट मिलची पुस्तकी किंमत ९ कोटी असताना वसुलीयोग्य रक्कम साडेसात कोटीच निघाली, तर दीड कोटीची क्षती आधी ख्यातीतून वजा होईल. इथंच ‘बट्टा’ फसतो. मिलचं नाव बाजारात जसंच्या तसं असेल, घेणाऱ्यानं दाम जास्त मोजला एवढंच. शिवाय हुंडीचा बट्टा वेगळा, तो मुदतीआधी पैसे घेताना कापतात.

भुसावळ : वसुलीयोग्य रक्कम म्हणजे खर्च वजा जाता विक्रीतून येणारी रास्त किंमत आणि वापरातून मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य, यांतली जी जास्त ती. माझं मत मात्र शेठजींकडे झुकतं. यंत्रावरची क्षती परिस्थिती सुधारली की उलटवता येते, ख्यातीवरची कधीच नाही. एकदा लागला की पुसता येत नाही, तो बट्टाच.

धुळे : मग यंत्रासाठी एक शब्द आणि ख्यातीसाठी दुसरा? मानक तर एकच आहे, इंड एएस ३६.

अमळनेर : अहवालाच्या सारांशात ‘ख्यातीची क्षती’ लिहितो, पारावर समजावताना बट्टा. आणि ‘इंटॅन्जिबल’ला अदृश्य म्हणू का?

भुसावळ : अमूर्त. सॉफ्टवेअर पडद्यावर दिसतं की, हाताला लागत नाही एवढंच.