फॉस्फेट काढणं म्हणजे नेहमी ‘बंद’ करणं नव्हे

पेशीत किनेझ हे एन्झाइम एखाद्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून त्याचं काम सुरू करतं आणि फॉस्फटेझ हे एन्झाइम ते फॉस्फेट काढून काम बंद करतं, असं सर्रास सांगितलं जातं. बऱ्याच ठिकाणी खरं आहे, पण टी-पेशींतलं (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींतलं) कॅल्सिन्यूरिन नावाचं फॉस्फटेझ बघा. तिथे एनफॅट नावाचं प्रथिन फॉस्फेटचं ओझं घेऊन केंद्रकाबाहेर पडून असतं. पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्यूरिन ते ओझं उतरवतं, एनफॅट केंद्रकात शिरतं आणि इंटरल्यूकिन-२ चं, म्हणजे टी-पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चालू होतं. इथे फॉस्फेट काढणं हाच सुरू करायचा खटका.

माझ्या भावाला आईची किडनी बसवलीय. सकाळी आठ, रात्री आठ टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. औषधाची पातळी बघायच्या रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी डबीतच ठेवून आधी नमुना द्यायचा, मग गोळी. हे औषध एफकेबीपी-१२ या प्रथिनाला धरून कॅल्सिन्यूरिनला अडवतं, म्हणजे वरचा खटकाच दबत नाही. अशाच कामाच्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा जोडीदार वेगळा, सायक्लोफिलिन हे प्रथिन, पण अडवतं तेही कॅल्सिन्यूरिनलाच. हे १९९१ मध्ये उलगडलं, तोवर सायक्लोस्पोरिन कित्येक वर्षं रुग्णांना दिलं जात होतं! कॅल्सिन्यूरिन किडनीतही असतं, आणि औषधाची पातळी फार चढली तर जिला जपायचं त्या किडनीलाच इजा होते. म्हणून आमच्या घरी त्या रिपोर्टची इतकी वाट बघतात.