माती-चुन्याच्या घरांच्या कामात करिअर होतं का? पोट भरतं का? (इंटिरिअर सोडायच्या विचारात आहे)

प्लायवाली_पिंपरी
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. इंटिरिअरचा डिप्लोमा झालाय आणि पिंपरी-चिंचवडला एका फर्ममध्ये बरीच वर्षं नोकरी करतेय. काम म्हणजे टूबीएचके-थ्रीबीएचकेचं फर्निचर, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, परत टूबीएचके. हल्ली मन उडालंय. बोर्ड कापताना सुतार नाकाला रुमाल बांधून बसतात, पॉलिशच्या दिवशी तर साईटवर उभं राहवत नाही, आणि घर ताब्यात देताना आम्ही क्लायंटला सांगतो की आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा, वास जाईल. मागे एकांच्या मुलाला दमा होता, त्यांनी विचारलं की या बोर्डात नक्की काय असतं. दुकानदाराला फोन लावला तर म्हणे मॅडम ब्रँडेड माल आहे, काळजी करू नका!
तर प्रश्न असा की मातीची, चुन्याची, बांबूची घरं बांधतात त्या क्षेत्रात शिरायचं असेल तर सुरुवात कुठून? परत बीआर्कची पाच वर्षं शक्य नाही. वर्कशॉपच्या खूप जाहिराती दिसतात, त्यातल्या कुठल्या खऱ्या? आणि स्पष्टच विचारते, पैसे मिळतात का? घराचा हप्ता चालू आहे.

घाणीचा_चुना
ताई, मी साईटवरचा माणूस आहे, चुन्याची कामं बघतो, तेव्हा माझ्या बाजूचं सांगतो. या क्षेत्रात डिझाईन काढणारे भरपूर झालेत. कमी आहेत ते साईट सांभाळणारे. कळीचा चुना (भट्टीतून आलेला, न विरवलेला) किती दिवस भिजत ठेवायचा, वाळू किती घ्यायची, विटांचा चुरा कुठे घालायचा, गूळ-हिरड्याचं पाणी कधी आणि किती, गिलावा उन्हात तडकू नये म्हणून ओला कसा ठेवायचा, हे गवंड्याला समजावून करून घेणारा माणूस शोधायला गेलात तर मिळत नाही. सिमेंटवाला गवंडी चुन्याला हात लावत नाही, कारण चुना सावकाश घट्ट होतो, त्याचा रोजाचा हिशोबच बसत नाही. जुने जाणकार म्हातारे झाले आणि त्यांची पोरं टाईल्सच्या कामाला गेली.
दुसरं, नुसत्या नव्या घरांकडे बघू नका. जुने वाडे, देवळं, किल्ले यांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम जास्त सलग मिळतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले (अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी), त्यामुळे हे काम इतक्यात संपणार नाही. सरकारी बिलं उशिरा निघतात हे मात्र धरून चाला.
वर्कशॉपचं म्हणाल तर वीकेंडला चिखल तुडवून फोटो काढायचे असतील तर कुठलंही चालेल. शिकायचं असेल तर ऑरोविलचं अर्थ इन्स्टिट्यूट (दाबून केलेल्या मातीच्या विटा, कमानी, घुमट), भूजची हुन्नरशाला, तिरुवन्नामलैचं थन्नल, केरळात लॉरी बेकर (कमी खर्चाची घरं बांधणारे आर्किटेक्ट) यांच्या परंपरेतलं कॉस्टफोर्ड. त्यातही कोर्सपेक्षा चालू साईटवर एक अख्खं घर पायापासून छपरापर्यंत बघा. पगार सुरुवातीला तुमच्या आत्ताच्या निम्मासुद्धा मिळणार नाही, काही ठिकाणी तर राहणं-जेवण एवढंच देतात आणि त्याला इंटर्नशिप म्हणतात. हप्ता चालू असेल तर नोकरी एकदम सोडू नका.

औशाचा_अभियंता
मी जरा मिठाचा खडा टाकतो. आमच्या लातूर-धाराशिवकडे कुणाला मातीचं घर बांधू म्हणून सांगा, बाई दारातूनच परत पाठवेल. 30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप. जवळपास आठ हजार माणसं गेली आणि बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराखाली. शहरातून येऊन "पारंपरिक ज्ञान" म्हणून भाषण देणाऱ्यांना हे आधी माहीत पाहिजे.
आता अभियंता म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तिथे नुसत्या मातीने माणसं मारली नाहीत. दोन-अडीच फुटी जाड भिंती, गोटे मातीत बसवलेले, आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे आरपार दगड नाहीत, कोपरे सुटे, आणि वर माळवद (लाकडावर मातीचं सपाट छप्पर), त्यावर गळू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचे थर चढवलेले. एवढं वजन डोक्यावर घेऊन भिंत फुटली की काय राहणार? उलट 2001 च्या भूकंपात कच्छचे भुंगे (मातीच्या गोल झोपड्या) बऱ्यापैकी टिकले, कारण आकार गोल आणि छप्पर हलकं.
म्हणून या ताईंना एवढंच सांगणं की त्या क्षेत्रात जा, पण आधी आयएस 13827 वाचा (भूकंपात मातीच्या घरांनी टिकावं म्हणून काय करायचं त्याचंच ते कोड आहे, 1993 चंच) आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर सोबत ठेवल्याशिवाय कुणाचं राहतं घर हातात घेऊ नका. आणि स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नका, 1972 च्या कायद्याने नोंदणीशिवाय ते नाव लावता येत नाही. हे चिखलवाले बाबा लोक सर्रास लावतात.

रेटिंगवाला
पुण्यात ग्रीन बिल्डिंग कन्सल्टन्सीत आहे. पगार नियमित येतो तो आमच्याकडे, मजा येत नाही :) इमारत किती पर्यावरणपूरक आहे याची गृह, आयजीबीसी, लीड अशी रेटिंग असतात. बिल्डर ती का घेतो? आपल्या 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) रेटिंगप्रमाणे 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकाम, आहे, म्हणून घेतो. बाळाच्या फुप्फुसांची काळजी वगैरे ब्रोशरमध्ये. माझं काम म्हणजे एक्सेल, पाण्याचा हिशोब, काचेतून किती उष्णता येते त्याचं सिम्युलेशन, आणि साईटवरून चलनं गोळा करणं. लो-व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं कमी असलेल्या) रंगाला गुण आहेत पण थोडेच, आणि घरमालक नंतर आत काय फर्निचर करतो याच्याशी आमच्या रेटिंगचा फारसा संबंध नसतो. मला विचाराल तर मोकळी जागा तिथेच आहे. ताई, तुम्ही ज्यातून पळायचं म्हणताय तेच काम नीट करणारं कुणी नाही.

माणगा_बांबू
कुडाळजवळून. आमच्याकडे चिऱ्याचं घर, शेणाचं सारवण, मंगळुरी कौलं ही साधी माणसंच बांधत आली, त्याला कुणी नॅचरल बिल्डिंग म्हणत नव्हतं. आता गाववाले स्लॅब टाकतात आणि मुंबईकर येऊन आम्हाला कौलं घालायला सांगतात, चालू दे. कामं आहेत, पण गिऱ्हाईक बहुतेक फार्महाऊस आणि होमस्टेवालं, म्हणजे पैसा असलेलं आणि बजेट सारखं बदलणारं. बँका मातीच्या घराला कर्ज द्यायला नाक मुरडतात त्यामुळे मध्यमवर्गीय येतच नाही. बांबूत यायचं असेल तर माणगा आणि मेस या जातींतला फरक, तोड कधी करायची, बोरिक-बोरॅक्सचं पाणी कसं द्यायचं एवढं तरी आधी शिका. कुडाळला कॉनबॅक ही बांबूची संस्था आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारी केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे. ट्रीटमेंट न केलेला बांबू घालून गेलेले कलाकार बघितलेत, दुसऱ्या वर्षी भुंग्याने पीठ पाडलं आणि नाव बांबूचं खराब झालं.
आणि पावसात येऊन बघा. जोतं उंच नाही, वळचण लांब नाही, अशी मातीची भिंत आमच्या पावसात एक जुलै काढत नाही.

प्लायवाली_पिंपरी
बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. किल्लारीचं एवढ्या तपशिलात माहीत नव्हतं. @रेटिंगवाला, तुमचं वाक्य डोक्यात बसलंय, पण फ्लॅटच्या आत करणार तरी काय? बाजारात जे मिळतं तेच वापरायचं ना शेवटी? आणि क्लायंट जास्त पैसे का देईल?

म्युनिकचा_मावळा
मध्येच घुसतो. इकडे जर्मनीत बाउबायोलोगी (घर आरोग्याला कसं आहे ते तपासणं) हा वेगळा पेशाच आहे, लोक त्यांना घरी बोलावून ओल, बुरशी, फॉर्माल्डिहाईड मोजून घेतात आणि रिपोर्टचे पैसे देतात. मातीचा गिलावा दुकानात गोणीत मिळतो आणि त्याला 2013 पासून डीआयएन हे जर्मन स्टँडर्ड आहे. सांगायचा मुद्दा, मोजून दाखवलं की क्लायंट पटकन ऐकतो.

रेटिंगवाला
@प्लायवाली, मोजण्याचं बरोबर आहे, फक्त ऑनलाईन मिळणाऱ्या हजार रुपयांच्या मीटरवर विसंबू नका, अगरबत्ती लावली तरी तो लाल होतो. नमुना लॅबला पाठवा.
आत करायला पुष्कळ आहे. साध्या एमआर (दमटपणा सोसणाऱ्या) प्लायमध्ये आणि पार्टिकल बोर्डात युरिया फॉर्माल्डिहाईडचा गोंद असतो, त्यातून वायू वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत राहतो, आणि 2004 पासून फॉर्माल्डिहाईड जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत आहे. फिनॉलिक गोंदाच्या 710 (मरीन) प्लायमधून तो बराच कमी सुटतो. बोर्ड घेताना ई-वन किंवा ई-झिरोचा (म्हणजे वायू कमी सुटतो याचा) टेस्ट रिपोर्ट मागा, नुसता शिक्का नको. कडा उघड्या सोडू नका, पाठीमागची तर कुणी बंदच करत नाही. तुमचा तो पॉलिशच्या दिवसाचा वास बहुतेक मेलामाइनचा असणार, त्यातूनही फॉर्माल्डिहाईड येतं. जुन्या फ्लॅटचं रंगकाम घेतलं तर कोरडं घासू देऊ नका, शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या शेवटी लागू झाली, त्याआधीच्या ऑईलपेंटात किती शिसं असेल सांगता येत नाही आणि ती धूळ रांगणारं पोर चाटतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फर्निचरच कमी करा. पण टक्केवारीवर फी घेणाऱ्या फर्मला हे सांगून बघा!
क्लायंट का देईल म्हणता, तर सगळे देणार नाहीत. दमेकरी मूल, गरोदर बाई, म्हातारे आईवडील असलेलं घर देतं.

घाणीचा_चुना
वरच्याला अनुमोदन, आणि त्यात माझी भर. पॉलिशला लाख किंवा जवसाचं तेल आणि मेण वापरून बघा, फक्त तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवून ठेवायचे. एका भिंतीला चुन्याचा गिलावा देऊन बघा, फ्लॅटमध्येही होतो, पण आधीचा ऑईलपेंट आणि पुट्टी पूर्ण खरवडावी लागते. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं कुणाला सांगू नका. कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, दगड कापण्याची धूळ छातीत बसते. मागे एका "ऑरगॅनिक" घराच्या पायात वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस (विषारी कीटकनाशक) ओतताना बघितलंय, मालकाला पत्ताच नाही.
दिवाळीनंतर सासवडकडे एका वाड्याचं काम सुरू होतंय, चुना आधीपासून भिजत घालणार आहे. शनिवार-रविवार येत जा, पैसे देणार नाही, घेणारही नाही. जुने कपडे आणि चष्मा आणा. मेसेज केलाय.

औशाचा_अभियंता
आरपार दगड घालणार ना वाड्याला?

घाणीचा_चुना
हो साहेब, आणि कोपऱ्यातही. कोडप्रमाणे. या बघायला तुम्हीपण.