व्हेंडरकडच्या कामगाराची जबाबदारी मोठ्या कंपनीची की नाही?

गोदाकाठची

नाशिकच्या सातपूरला नोकरीला लागून पंधरा वर्षं झाली, त्यातली नऊ व्हेंडर क्वालिटीत. आमच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जाऊन तपासणी करायची, हे माझं काम. गेल्या महिन्यात अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये गेले होते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो, म्हणून हात डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहतात. तिथल्या जुन्या प्रेसवर एका बटणाच्या फटीत आगकाडी खोचून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मोकळ्या हातानं एक पोरगा पट्टी आत सरकवत होता. पट्टी धरायचा चिमटा खिळ्याला टांगलेला, कोरा करकरीत.

मी बोलले तशी काडी निघाली. माझी पाठ वळल्यावर परत खोचली असणार. माझ्या चेकलिस्टमध्ये जाडी, छिद्राचा व्यास, बर (कडेला राहिलेली धारदार कोर), पॅकिंग सगळं होतं, काडीसाठी रकाना नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडे पार्ट फुटला तर तो पत्र्याच्या कोणत्या कॉइलचा, कोणत्या पाळीत निघाला, हे दोन तासांत सापडतं. पार्टचा एवढा माग लागतो, मग तो काढणाऱ्या माणसाचं आम्हाला काय ठाऊक, असं कंपनी कोणत्या तोंडानं म्हणते? माझं मत स्पष्ट आहे. उपकंपनी असो की पुरवठादार, तिथली सुरक्षितता, मजुरी आणि सांडपाणी ही माल घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

अंबडचा लघुउद्योजक

पटत नाही. ताई, तुम्हाला काडी दिसली, ती का खोचली ते दिसलं नाही. दर एप्रिलला कॉस्ट डाउनचं पत्र येतं. पत्रा महाग, वीज महाग, पण दर खाली आणा. २००६ च्या कायद्यानं छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, माझे नव्वदीला येतात. तक्रार केली तर पुढची ऑर्डर चाकणला जाते. तासाला अमुक नग निघाले नाहीत तर मला पगार भागवता येत नाहीत, म्हणून काडी.

आता तुम्ही जबाबदारी घेणार म्हणजे करणार काय? आणखी एक चेकलिस्ट आणणार आणि नापास केलं की काम काढून घेणार. त्या पोराची रोजी जाईल, माझ्या शेडला कुलूप लागेल, तुमच्या कंपनीचा अहवाल मात्र चकचकीत होईल.

सीएस नाशिकरोड

मी कंपनी सेक्रेटरी, मीही विरोधातच. प्रेसला आडोसा हवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून लिहिलेलं आहे आणि जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे तो चालवणाऱ्यावर, टाकलेली आहे. ती ग्राहकावर ढकलली की सरकारी निरीक्षक मोकळा. शिवाय प्रत्येक कंपनी कायद्यानं वेगळी व्यक्ती असते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केलाच आहे, तो पुरेसा आहे.

गोदाकाठची

सीएस साहेब, पुरवठादारांची माहिती त्या अहवालात सेबीनं ऐच्छिक ठेवली आहे. तीही ज्यांच्याशी प्रत्येकी २ टक्के किंवा जास्त खरेदी-विक्री आहे त्यांचीच. सहा प्रेसचं शेड त्या २ टक्क्यांत कधी यायचं?

आणि ‘वेगळी व्यक्ती’ हा शब्द ऐकला की मला भोपाळ आठवतं. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीत अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. १९८४ च्या वायुगळतीनंतर मूळ कंपनीचं म्हणणं हेच, की कारखाना भारतीय कंपनी चालवत होती. १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नफा वर जाताना ज्या दोन कंपन्या एक असतात, त्या दोष आल्यावर वेगळ्या कशा होतात?

निरीक्षक हवाच. पण तो वर्षानुवर्षं फिरकत नाही आणि मी महिन्याला जाते. डोळ्यांनी बघून गप्प बसायचं का?

प्लेटिंगवाला

माझा अनुभव लिहितो. पूर्वी आम्ही झिंक प्लेटिंगवर (जस्ताच्या मुलाम्यावर) पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा थर, करायचो, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, कर्करोग करणारं. युरोपनं गाड्यांत त्याला मनाई केली आणि ग्राहकानं ड्रॉइंगवर ‘ट्रायव्हॅलंट’ (क्रोमियमचा कमी घातक प्रकार) असा शब्द टाकला. थोड्याच दिवसांत आमचं केमिकल बदललं. तेव्हा ग्राहक काही करू शकत नाही, हे खोटं आहे.

पण तो शब्द पार्टवरच्या थरापुरता होता. टाकीतलं पाणी कुठं जातं, हे कुठल्याच ड्रॉइंगवर नाही. मी सांडपाण्यावर प्रक्रिया करतो, तो खर्च माझ्या दरात दिसतो. जो रात्री गटारात सोडतो त्याचा दर कमी, आणि काम त्याला मिळतं. नंदिनीला, म्हणजे आपल्या नासर्डीला, पुलावर उभं राहून बघा एकदा.

दिंडोरीकर

आमच्या द्राक्षांत हेच. २०१० ला क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपनं माल अडवला, कितीतरी बागायतदार बुडाले. आज ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, प्रत्येक प्लॉटची नोंद आहे, घडाचा नमुना लॅबला जातो. माल कोणत्या बागेतला ते पेटीवरून कळतं. पण पेठ-सुरगाण्याहून छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणाऱ्या बायाबापड्या कुठं निजतात, फवारा मारणाऱ्याच्या तोंडाला काय बांधलेलं असतं, हे कुणी मोजत नाही. मी स्वतः गेल्या वर्षापर्यंत उपरणंच बांधायला द्यायचो. ग्राहकानं विचारलं असतं तर आधीच मास्क आणले असते. एवढं मात्र खरं, की दर तोच ठेवून नुसते नियम वाढवले तर आम्ही मरू.

प्रेस ऑपरेटर, सिडको

मी बारा वर्षं प्रेस चालवला. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. ठेकेदारानं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड अपघात झाल्यावर काढलं, आदल्या तारखेनं.

मालक वाईट नव्हता, दवाखान्यात रात्रभर बसून होता. पण एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही. प्रेसमध्ये लावलेली डाय मालकाची नव्हती. तिच्यावर मोठ्या कंपनीचं नाव ठोकलेलं होतं, पैसेही त्यांनीच दिलेले. माझा अपघात झाला त्याच दिवशी त्यांचा माणूस डाय तपासायला आला, तिला काही इजा झाली का ते बघायला.

अंबडचा लघुउद्योजक

दादा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. डायचं खरं आहे, माझ्याकडे अकरा डाय दुसऱ्यांच्या आहेत.

माझा विरोध कायम आहे, पण तो नुसत्या चेकलिस्टला. डायचा खर्च पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) वेगळ्या ओळीत लिहितात ना? तशीच गार्डची आणि लाइट कर्टनची (हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याची) ओळ लिहा, आणि पैसे ४५ दिवसांत द्या. मग ग्राहक म्हणून माझ्या शेडमध्ये कधीही या, न सांगता या.

गोदाकाठची

दादा, तुमच्या शेवटच्या ओळी मी आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. नाव सांगणार नाही.

लघुउद्योजक साहेब, दर आणि पैशांची मुदत पर्चेस खात्याच्या हातात आहे, माझ्या नाही. त्यांच्याशी भांडेन, पण आज वचन देऊ शकत नाही. माझ्या हातात चेकलिस्ट आहे. तिच्यात काल रकाना वाढवला, आणि त्याच्याशेजारी दुसरा: ‘गार्डचा खर्च कोणी दिला?’ तो रकाना भरायला मला दर वेळी पर्चेसची सही लागेल.

न सांगता यायचं म्हणालात ना, येते. काडी आधी काढून ठेवा, ओळीची वाट बघू नका.